प्ले हाय!

ठुबेनाना कुठल्याही वस्तूला आधी हलवून बघतात. खुर्ची पुढे केली तर बसायच्या आधी तिची पाठ धरून डावीउजवीकडे करतात. चहा आला की कपाचा कान चिमटीत धरून कप हलवतात, मग बशी. देवळातल्या घंटेची साखळी, एसटीच्या सीटचा दांडा, लग्नात नवरदेवाचा तो सोनेरी कोच, काही म्हणजे काही सुटत नाही. हलवून झालं की डोळे बारीक करतात आणि निकाल देतात, "प्ले हाय." क्वचित, अगदी दिवाळीदसऱ्याला, "प्ले न्हाई" असंही ऐकायला मिळतं.

मी बोल्हेगावात घर बांधून राहायला आलो त्याच दिवशी नाना शेजारी या नात्यानं भेटायला आले. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला, पण दाबला नाही. मनगटापाशी धरून हळूच वरखाली केला.

"हापिसात का?" त्यांनी विचारलं.

"हो. पाटबंधारे खात्यात कारकून आहे."

"तरीच. मनगटात प्ले हाय," नाना म्हणाले. "पेन धरून येतो. चालायचंच."

तेव्हा मला राग आला होता. घरात सामानाचे डोंगर पडलेले, आणि हा पांढऱ्या मिशीचा माणूस दारात उभा राहून माझ्या मनगटाची तपासणी करतोय. आज त्या माणसाच्या हाताची आठवण झाली की मला माझीच लाज वाटते. का, ते पुढे येईलच.

प्ले म्हणजे ढिलेपणा. मशिनीचं हँडल फिरवलं आणि पुढचा भाग लगेच न हलता जरा थांबून हलला, तर मधे जी मोकळीक असते ती प्ले. नाना चौतीस वर्षं नागापूरच्या एमआयडीसीत टर्नर होते, म्हणजे लेथवर लोखंड कातायचे. गरगर फिरणाऱ्या लोखंडाला हत्याराचं टोक लावून केसाइतक्या बारकाईनं ते छिलायचं, तर मशिनीत प्ले असून भागत नाही. इथवर ठीक आहे. पण नानांनी हा कायदा साऱ्या दुनियेला लावला होता. तोटीत प्ले, पुढाऱ्याच्या भाषणात प्ले, आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या टाळात तर उघड उघड प्ले. "आवो, लग्नात ह्यांनी माझी मुंडावळीसुदीक हलवून बगितली," ठुबेकाकू सांगतात. "तवापासून मी ताठच हाय."

दुसरा गोंधळ 'जॉब' या शब्दाचा. कारखान्यात जॉब म्हणजे मशिनीवर चढवलेला लोखंडाचा तुकडा. नानांच्या लेखी या शब्दाला दुसरा अर्थच नाही. एकदा चहाच्या टपरीवर आमच्या गल्लीतले एक गृहस्थ रडकुंडीला येऊन सांगत होते, "पुतण्याचा जॉब गेला हो नाना, पुण्यात."

"किती गेला?" नानांनी काळजीनं विचारलं.

"किती म्हणजे? पूर्ण गेला!"

"आसं एकदम बोलू नगा. अर्धा सूत जास्ती छिलला गेला आसंल तर आतनं नळीवानी बुश मारून वाचतोय," नाना म्हणाले आणि बशी हलवून बघितली.

असा हा माणूस निवृत्त झाला. निरोपाला शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. घड्याळ त्यांनी स्टेजवरच हलवून बघितलं, आणि माइक चालू असल्यानं निकाल सगळ्यांना ऐकू गेला. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकायला घेतली. स्वतःचं वर्कशॉप. आयुष्यभर दुसऱ्याच्या मशिनीवर दुसऱ्याचे जॉब केले, आता आपली मशीन, आपला जॉब. शेडमध्ये शेजारी शेजारी सिमेंटचे दोन ओटे बांधले, एक लेथचा आणि एक मिलिंग मशीनचा. लेथवर गोल काम होतं आणि मिलिंगवर सपाट, त्यामुळे दोन्ही हवेत. ओट्यांत बोल्ट पुरून ठेवले, थ्री फेजचं कनेक्शन घेतलं, हत्यारांसाठी फळी ठोकली, डगला अडकवायला खुंटीही मारली. एवढं सगळं दोन महिन्यांत झालं.

मशीन निवडायला मात्र सहा वर्षं लागली.

या सहा वर्षांत मी कसा गोवला गेलो ते ऐका. माझ्याकडे जुनी व्हॅन होती आणि नानांकडे मोपेड. एका शनिवारी संध्याकाळी नाना आमच्या गेटाशी आले, गेट हलवलं, आणि म्हणाले, "भाऊसायेब, उद्या रिकामे का? श्रीरामपुरात एक लेथ हाय. बगून येऊ."

मी हो म्हणालो. सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षं काढून कुठलाही कागद सहीशिवाय पुढे न सरकवणारा मी, एका बेसावध क्षणी तोंडी हो म्हणून बसलो. ते हो सहा वर्षं पुरलं.

दर रविवारी सकाळी सात वाजता नाना गेटाशी हजर. शनिवार चालायचा नाही, कारण शनिवारी लोखंड घरात आणायचं नसतं. शनिशिंगणापूर आमच्यापासून तासाभरावर, त्यामुळे या बाबतीत नाना कसलीही जोखीम घेत नसत. एकदा शिंगणापूरच्या वाटेवरच एक मशीन बघायची होती म्हणून दर्शनाला थांबलो. तिथली बिनदारांची घरं बघून नाना खूश झाले. "दारच न्हाई तर बिजागरी न्हाई, आन् बिजागरी न्हाई तर प्ले न्हाई," म्हणाले. एवढं समाधान त्यांच्या तोंडावर मी पुन्हा फारसं पाहिलं नाही.

श्रीरामपूर झालं, राहुरी झाली, नेवासा, सुपे, कोपरगाव, संगमनेर झालं. आमच्याच जिल्ह्यातल्या अकोल्यात कुणी एकानं धरणाच्या कामाला आणलेली मशीन ठेवली आहे असं कळलं म्हणून तिकडेही डोंगर चढून गेलो. ती मशीन पिठाची गिरणी निघाली. नानांनी तिचाही प्ले बघितला.

मशीन बघायची त्यांची एक पद्धत होती. पिशवीतून आधी मऊ फडकं काढायचं आणि लेथचा बेड पुसायचा. बेड म्हणजे ते लांबलचक लोखंडी रूळ. मग डोळे मिटून त्यावर तळहात ठेवायचा, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा. मग चक धरून हलवायचा, म्हणजे जॉब धरून ठेवणारा तो गोल जबडा. आणि शेवटी कॅरेज. हत्यार धरून बेडवरून पुढेमागे सरकतो तो भाग म्हणजे कॅरेज. नाना हँडल फिरवून कॅरेज या टोकापासून त्या टोकापर्यंत नेत आणि परत आणत. "निम्म्यात सोडायचं न्हाई," ते मला सांगत. "बेड कायम चकाकडच्या बाजूला झिजतो, काम समदं तितंच होतंय. लबाड मानूस काय करतोय, कॅरेजखालची पट्टी आवळून ठिवतो. मग झिजल्या जागी प्ले कळत न्हाई. पन कॅरेज दुसऱ्या टोकाला न्यायला लागलं की जाम होतंय. म्हनून या टोकापास्नं त्या टोकापातुर. भाऊसायेब, तुमी बी हात लावा. बगा, काय कळतंय?"

मी हात लावायचो. पहिलं वर्षभर मला काही म्हणजे काही कळलं नाही. पण दर रविवारी हात लावून लावून तिसऱ्या वर्षी एकदा मी न विचारता बोलून गेलो, "नाना, इथं जरा रिकामं लागतंय." नाना माझ्याकडे बघतच राहिले. परतीच्या वाटेवर त्यांनी मला दोन ग्लास उसाचा रस पाजला आणि घरी येऊन काकूंना सांगितलं, "भाऊसायेबाच्या हाताला कळाया लागलं."

सारा प्रकार मुलगी बघायला गेल्यासारखाच. मशीनवाले पोहे करायचे. "एकाच हाताखाली चाललेली आहे हो, घरंदाज मशीन," असं सांगायचे. नाना पोहे खायचे, चमचा हलवून बघायचे, आणि नापसंत असली तरी तोंडावर नाही म्हणायचे नाहीत. "आमी कळवतो," म्हणायचे. सहा वर्षांत आम्ही निम्म्या जिल्ह्याला कळवतो म्हणून आलो आणि कुणाला काही कळवलं नाही.

मी एकदा मोबाईलवर त्यांना लेथ आणि मिलिंग एकातच असलेली छोटी मशीन दाखवली. घरगुती कामाला उत्तम, जागा कमी लागते, घरपोच येते. नानांनी मोबाईल हातात घेतला, आधी मोबाईलच हलवला. मग म्हणाले, "फोटूला हात लावून प्ले कळतो व्हय? आन् एकातच दोन? भाऊसायेब, तुमी चहा आन् शेवभाजी एकाच भांड्यात करता का?" त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी जपून बोलत होते.

दर खंडेनवमीला सगळे आपापल्या मशिनींची, गाड्यांची पूजा करतात. नाना दोन्ही रिकाम्या ओट्यांना झेंडूचे हार घालून, हळदकुंकू लावून नारळ फोडायचे. काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. "सवती येनार येनार म्हनून पाट मांडून ठिवल्यात," म्हणायच्या. मीही हसायचो आणि खोबरं खायचो.

पण हसू किती पुरणार? सहाव्या वर्षी मी विटलो. आमची ही रोज टोचायची, "तुमचं लग्न माझ्याशी झालंय का नानांशी?" त्यात मे महिन्यात संगमनेरहून येताना भर दुपारी व्हॅन तापली. रस्त्याच्या कडेला बाभळीच्या चार काट्यांच्या सावलीत आम्ही दोन तास बसलो. नाना मजेत होते. आज बघितलेल्या मशीनच्या चकाचं कौतुक करत होते, आणि मग तिच्यात काय काय खोट होती ते पहिल्यापासून पुन्हा सांगत होते. माझं डोकं रेडिएटरपेक्षा जास्त तापलं होतं. मनाशी म्हटलं, बास. हे प्रकरण आता निकालात काढायचं.

केडगावला जुन्या मशिनींचा एक व्यापारी होता. सगळे त्याला शेठ म्हणायचे. मी आठवड्याच्या मधेच ऑफिसातून निघून एकटा त्याच्याकडे गेलो. त्याच्याकडे साडेचार फुटी लेथ होती. मी हात लावला, बेड चकाजवळ झिजलेला. माझ्या हाताला कळलं, बघा. नानांनी शिकवलेलं मी पहिल्यांदा एकट्यानं वापरलं ते यासाठी. मी शेठला म्हणालो, "कॅरेजखालची पट्टी आवळून ठेवा. कॅरेज चकाजवळच ठेवा. रविवारी एक म्हातारा घेऊन येतो."

शेठ माझ्याकडे जरा चमकून बघायला लागला. जुन्या मशिनी विकणारा माणूस, पण गिऱ्हाईकच असं काही सांगतंय हे त्यालाही नवीन होतं.

रविवारी आम्ही गेलो. शेठनं मशीनला नवा हिरवा रंग मारला होता. नानांनी फडक्यानं बेड पुसला, तळहात ठेवला, चक हलवला. मग कॅरेजच्या हँडलला हात घातला आणि वीतभर फिरवलं. तिथं ते थांबले. मी शेठकडे बघितलं, शेठनं मान खाली घातली. नानांनी वर बघितलं, माझ्याकडे. पाच-सहा सेकंद बघत असतील. त्यांच्या डोळ्यांत काय होतं ते तेव्हा मला वाचता आलं नाही, किंवा वाचायचं नव्हतं म्हणा.

मग त्यांनी हँडलवरचा हात काढला. कॅरेज दुसऱ्या टोकाला नेलंच नाही.

"प्ले न्हाई," नाना म्हणाले. "घ्यायची."

लेथ टेंपोतून आली. चेनब्लॉक लावून चार माणसांनी ओट्यावर चढवली. काकूंनी तिला ओवाळलं आणि "या बाई, तुमचीच वाट बगत हुतो," म्हणाल्या. गल्लीत पेढे वाटले. मीही एक खाल्ला. निर्लज्जपणे खाल्ला.

पुढच्या रविवारी सात वाजता गेट वाजलं नाही. मी नऊपर्यंत झोपलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. मला वाटलं, नाना आपल्या कामात गढले. शेडमधून आवाज यायचा नाही, पण नानांनीच मला सांगितलं होतं, चांगल्या लेथचा आवाज शेजाऱ्याला जात नाही. मी त्या शांततेवर खूश होतो. मिलिंगचं नाव मी काढलं नाही, म्हटलं आपण कशाला विषय काढा. नानाही बोलले नाहीत. रस्त्यात भेटले की "बरं हाय?" विचारायचे, आणि मी "बरं आहे" म्हणायचो. शेडकडे मी एकदाही फिरकलो नाही. अशी अडीच वर्षं गेली. त्या रविवारांत मी काय केलं म्हणाल तर लोळत मोबाईल बघितला. दुसरं काही आठवत नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी ठुबेकाकूंची हाक आली. नाना मोरीजवळ पडले होते. पॅरालिसिसचा झटका. त्याच व्हॅनमधून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पायही बऱ्यापैकी वळणावर आला, पण उजवा हात गेला. हलतो जरासा, पण बोटांना काही कळत नाही. गरम कळत नाही, गार कळत नाही. व्यायामाला त्यांना रबरी चेंडू दिला होता. नाना तो धरायचे आणि सवयीनं हलवून बघायचे, आणि मग नुसतेच चेंडूकडे बघत बसायचे. ते मला बघवायचं नाही.

एके दिवशी मी त्यांच्याकडे बसलो असताना काकू म्हणाल्या, "भाऊसायेब, तेवढी मालिशच्या तेलाची बाटली शेडातनं आना बरं. तुमच्या स्टुलावर ऱ्हायलीय."

"माझ्या स्टुलावर?"

"तुमच्याच. तुमी दोगं लेथ बगायला निगाला तवाच ह्यांनी वेल्डिंग करून आनलं हुतं. मशीन चालू आसताना भाऊसायेब कुटं बसनार म्हनून."

मी शेडमध्ये गेलो. लेथवर काकूंची जुनी गोधडी पांघरलेली. शेजारी लोखंडी स्टूल, त्यावर तेलाची बाटली. बाटली उचलायच्या आधी माझा हात आपोआप स्टुलाकडे गेला. स्टूल हलवून बघितलं. जागचं हललं नाही.

मग मी गोधडी बाजूला केली. हिरवा रंग जसाच्या तसा. खालच्या ट्रेमध्ये लोखंडाचा साधा कीसही पडलेला नव्हता. चकावर दसऱ्याचा झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. अडीच वर्षांत ही मशीन एकदाही चालली नव्हती. मी हँडल धरलं आणि कॅरेज सरकवायला लागलो. चकाजवळ ठीक सरकलं, जरा जड. निम्म्यावर गेलं आणि जाम. पलीकडच्या निम्म्या बेडवर शेठनं पाठवताना लावलेलं ग्रीस तसंच होतं, वर धूळ बसलेली. नानांनी घरी आणल्यावरही कॅरेज त्या टोकाला नेलं नव्हतं. न्यायची गरजच नव्हती.

मी बाटली घेऊन परत आलो. काकू आत चहा ठेवत होत्या.

"नाना," मी म्हणालो, "कॅरेज निम्म्यावर जाम होतंय."

"व्हनारच," नाना म्हणाले. झटक्यानं त्यांची जीभ जरा जड झाली आहे, शब्द सावकाश येतात. "पट्टी आवळलीया."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हँडलला हात लावला तवाच. आन् तुमी शेठकडं बगितलं."

मी बाटलीचं झाकण उघडलं, परत लावलं आणि विचारलं, "मग प्ले न्हाई का म्हणालात?"

नानांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. "तुमी लई दमला हुता, भाऊसायेब. संगमनेरच्या रस्त्याला बगितलं मी. म्या म्हनलं, आता ह्या मानसाला सोडावं."

"अहो, पण दुरुस्त तरी करायची! चौतीस वर्षं लेथवर काढलीत तुम्ही."

"हुती की दुरुस्त. बेड खरवडून घेतला आसता. पन त्याला कॅरेज उतरवायला लागतंय, आन् ते उचलायला दोन मानसं लागत्यात. तुमाला हाक मारली आसती तर तुमाला कळलं आसतं, की मला कळलंय. मग तुमी तोंड चुकवलं आसतं."

"दुसऱ्या कुणाला बोलवायचं होतं, नाना."

"दुसरं कोन?" नाना म्हणाले.

त्यांनी ते तक्रार म्हणून विचारलं नव्हतं. दुसरा कुणी मला माहीत असला तर मी सांगावा, अशा साधेपणानं विचारलं होतं. काकू चहा घेऊन आल्या. नानांनी डाव्या हातानं कपाचा कान धरला, हलवला, आणि निकाल न देताच चहा प्यायला. मला रडू आलं म्हणून मी चहा फार गरम असल्याचं सांगितलं. मी तोंड चुकवीन म्हणून त्यांनी मला हाक मारली नव्हती, आणि मी तर हाक न मारताच अडीच वर्षं तोंड चुकवून बसलो होतो. तेवढ्यात तो हात गेला.

त्या दिवशी मी कॅरेज उचलू म्हणालो, माणसं आणतो म्हणालो. नानांनी मान हलवली. "ऱ्हाऊ द्या. आता कातनार कोन?" मग दाराशी चपला घालता घालता मी परत वळलो.

"नाना, मिलिंग राहिलंय."

"आता कशाला मिलिंग?"

"दुसरा ओटा रिकामा आहे. राहुरीत एक मिलिंग आहे म्हणतात. रविवारी जायचं का?"

रविवारी सकाळी सात वाजता मी गेलो, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून घरापुढच्या पायरीवर बसले होते, मांडीवर पिशवी. पिशवीत फडकं होतं.

राहुरीला एक वर्कशॉपवाले आपला धंदा आवरत होते. नानांना व्हॅनमधून सारखं चढणं-उतरणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून व्हॅन शेडच्या दाराशी आडवी लावली, खिडकीतून त्यांना मशीन दिसेल अशी. त्यांनी फडकं माझ्या हातात दिलं. "या टोकापास्नं त्या टोकापातुर," म्हणाले.

मी टेबल पुसलं. मिलिंगला जॉब टेबलावर बांधतात आणि ते टेबल पुढेमागे, डावीउजवीकडे सरकतं. मी डोळे मिटून तळहात ठेवला. हँडल धरून टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं, परत आणलं. मग आडवं नेलं. मग हँडल उलटं फिरवलं, तेव्हाच खरा प्ले कळतो. हँडल हललं की टेबल हलत होतं, त्याच क्षणाला. वर्षानुवर्षं जिल्हाभर हिंडून आम्ही जी मशीन शोधत होतो ती ही होती. कुठं म्हणून केसभर मोकळीक नाही. अशी मशीन नानांच्या बोटांखाली यायला हवी होती, दोन वर्षांपूर्वी. तेव्हा मी घरी लोळत होतो.

वर्कशॉपवाले म्हणाले, "कशी वाटली?"

मी खिडकीकडे बघितलं. नाना टक लावून माझ्या हातांकडे बघत होते. चांगली आहे म्हणालो तर उद्या ती टेंपोतून येईल, ओट्यावर चढेल, काकू ओवाळतील आणि गोधडी पांघरतील. आणि पुढच्या रविवारी सात वाजता काय?

"कळवतो," मी म्हणालो आणि व्हॅनमध्ये येऊन बसलो.

"काय?" नानांनी विचारलं.

"प्ले आहे."

"व्हय? किती?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. "दोन सूत," मी ठोकून दिलं. दोन सूत म्हणजे पाव इंच.

नानांनी खिडकीतून त्या चकचकीत मशीनकडे पुन्हा एकदा नीट बघितलं. मग माझ्याकडे. त्यांचं तोंड आता एकाच बाजूनं हसतं, त्या बाजूनं ते हसले.

"दोन सूत? भाऊसायेब, दोन सुतातनं तर बैल जातोय."

"आहे खरा," मी म्हणालो.

"मालकाला काय सांगितलं?"

"कळवतो म्हणालो."

"बरं केलं," नाना म्हणाले. माझ्या हातातलं फडकं घेऊन, मांडीवर नीट घडी घालून त्यांनी ते डाव्या हातानं पिशवीत ठेवलं. "कोपरगावात एक हाय म्हनत्यात. येत्या रविवारी रिकामे का?"

"रिकामाच आहे, नाना," मी म्हणालो. अडीच वर्षं रिकामाच होतो, ते बोललो नाही.